धार चालू हाय

जून २०२०. लॉकडाऊन चालू, पुण्यातलं दोन खोल्यांचं घर, आणि सकाळपासून फोन नुसता वाजतोय. ऑफिसमधले, कॉलेजातले, सोसायटीतले, ज्यांच्याशी वर्षवर्ष बोलणं होत नाही असेसुद्धा, सगळ्यांनी एकच फोटो पाठवलेला. उंचावरून काढलेला, हिरव्या गोल काठाच्या आत गुलाबी पाणी. "तुमचं लोणार ना हे?" "काय झालं गं तुमच्याकडे?" हो, आमचंच लोणार, बुलडाणा जिल्ह्यातलं, घाटावरचं, छोटंसं तालुक्याचं गाव. मी त्या फोटोकडे बराच वेळ बघत बसले, कारण ज्या पाण्याचा रंग मला डोळे मिटून सांगता येतो, काठाला शेवाळी हिरवा आणि आत जरा काळपट, ते पाणी मला ओळखूच येईना. मग गावी आत्याला फोन लावला. ती अजून गावातच राहते, देवळाच्या मागच्या गल्लीत. म्हटलं आत्या, तळ्याला काय झालं गं? तर म्हणाली, "पाणी लाल झालं म्हन्तात बाई. म्या काही पाह्यलं नाही, सध्या कोनी खाली जाऊ देईना. पन धार चालू हाय."

मी धारेचं विचारलंच नव्हतं.

जगभरच्या बातम्यांमध्ये तळं होतं आणि आत्याच्या बातमीत धार. मला तेव्हा एकदम वाटलं की लोणारचं आत्तापर्यंत जे जे लिहिलं गेलंय ते सगळं वरून, काठावर उभं राहून बघणाऱ्यांनी लिहिलंय. आणि त्यात चूक काही नाही, बघण्यासारखंच आहे ते. पण गावातल्या माणसांनी ते कधी नुसतं बघितलं नाही. ते खाली उतरायचे, तिथून काहीतरी घेऊन परत वर यायचे. तर त्या उतरण्याचं कुठेतरी लिहून ठेवावं असं माझ्या मनात तेव्हापासून आहे, आज बसले एकदाची.

आधी ज्यांनी लोणार बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सपाट काळ्या रानातून गाडी येते, मेहकरकडून या नाहीतर जालना-मंठ्याकडून या, आजूबाजूला सोयाबीन, तूर, कापूस, काहीही वेगळं दिसत नाही. मग जमीन जराशी चढते, वीसेक मीटर, म्हणजे लक्षातही येणार नाही इतकी. आणि पुढे एकदम जमीनच नाही. खाली सव्वाशे-दीडशे मीटर खोल एक प्रचंड वाटी, या काठापासून त्या काठापर्यंत साधारण १.८ किलोमीटर, उतारांवर गच्च झाडी आणि तळाशी गोल पाणी. आमच्याकडे पाहुणे आले की बाबा त्यांना मुद्दाम गप्पा मारत मारत न्यायचे, त्यांनी पुढे बघू नये म्हणून, आणि मग एकदम म्हणायचे, हं, आता बघा. एकूण एक माणूस तिथे गप्प व्हायचा. बाबांना ते गप्प होणं फार आवडायचं.

तर धार. काठावरच, गावाच्या बाजूला, खडकातून गोमुखावाटे पाणी पडतं, बारा महिने. पोथीतलं नाव गंगाभोगावती, कुणी धारातीर्थ म्हणतं, आम्ही नुसतं धार. जुनं दगडी बांधकाम, कुंड, पायऱ्या, आजूबाजूला छोटी छोटी देवळं, आणि ते पाणी पुढे खाली झाडीत नाहीसं होतं. खाली तळ्याचं पाणी इतकं खारं, म्हणजे नुसतं खारट नाही तर क्षारयुक्त, साबणासारखं बुळबुळीत की हातात घेतलं तर धुऊन टाकावंसं वाटतं, आणि त्याच वाटीच्या काठावर हे गोड, थंड पाणी. आजी म्हणायची बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी कोरड्या पडल्या, पण धार पडतच होती, बाया रात्री दोन-दोनला उठून नंबर लावायच्या. कळशीमागे कळशी. ती हे सांगताना हाताने दाखवायची, धार करंगळीएवढी झाली होती पण तुटली नाही.

पुढे शाळेत सरांनी याचं कारण सांगितलं ते मला अजून पटतं आणि आवडतंही. आपला काळा कातळ म्हणजे लाव्हाचे थरांवर थर. दोन थरांच्या मधल्या भेगांतून पावसाचं मुरलेलं पाणी हळूहळू सरकत राहतं, आणि लोणारला ते थरच मधून कापले गेलेत, वाटीच्या कडेला उघडे पडलेत, म्हणून तिथून पाणी बाहेर येतं. एकच धार नाही, सीता न्हाणी आहे, रामगया आहे, खाली कमळजा मातेच्या देवळापाशीही आहे. आणि ही सगळी गोड पाणी खाली उतरून तळ्यात जातात, तळ्यातून बाहेर जायला मात्र वाट नाही. ओढा नाही, नदी नाही. पाणी फक्त वर जातं, उन्हाने. क्षार मागे राहतात. हजारो वर्षं हेच चाललंय, म्हणून ते तसं झालं.

आजी मला धारेवर न्यायची ती सोमवतीला. सोमवारी अमावास्या आली की पहाटे उठवायची, थंडी असो काही असो, एक पितळी तांब्या, धुतलेलं लुगडं, आणि मी. धारेखाली डोकं धरलं की श्वासच बंद व्हायचा. मी रडायचे आणि ती म्हणायची, "रडू नको माय, सोमवतीची धार हाय ही, अशी रोज मिळत नाही." मला वाटायचं रोज तर पडते, मग आज काय वेगळं. विचारलं तर तिला काही सांगता यायचं नाही, तिच्या सासूने तिला आणलं होतं, तिने मला आणलं, बस.

आणि मग कितीतरी वर्षांनी, मी पुण्याला नोकरीला लागल्यानंतर, एका लायब्ररीत आईन-ए-अकबरीचं भाषांतर हाताला लागलं. अबुल फझलचं, म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटचं. वऱ्हाड सुभ्याचं पान काढलं, आपलं गाव आहे का बघू म्हणून. आणि होतं. मेहकरच्या भागात लोणार, फार पवित्र जागा, ब्राह्मण तिला विष्णुगया म्हणतात, पूर्वजांना मुक्ती मिळावी म्हणून इथे येतात. उंच डोंगरांनी वेढलेलं कोसभर लांबरुंद तळं, पाणी खारं, त्यातून काचेचं आणि साबणाचं सामान मिळतं, सोऱ्याचं उत्पन्न चांगलं आहे. आणि पुढे असं की वर एक झरा आहे, त्याच्या तोंडाशी बैलाचं मुख कोरलंय, त्याचं पाणी एरवी खालच्या मोठ्या तळ्यात जात नाही, पण अमावास्या सोमवारी आली की जातं.

मी तिथे लायब्ररीत, सगळ्यांसमोर, रडले. सव्वाचारशे वर्षांपूर्वी अकबराच्या दरबारातल्या माणसाला आमच्या धारेवरची सोमवती कुणीतरी सांगितली होती, त्याने ती लिहून घेतली, आणि माझी आजी, जिला सही करता येत नव्हती, अंगठा द्यायची, तिला ती तशीच माहीत होती, फक्त मधलं कारण गळून गेलं होतं. पाणी त्या दिवशी तळ्याला भेटायला जातं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मला जेव्हा कळलं तेव्हा सांगायला ती नव्हती.

खाराचं तर वेगळंच. आईनमध्ये जे काचेचं आणि साबणाचं सामान म्हटलंय तो हा खार. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की काठाला पांढरा थर उरायचा, आणि पाण्यातूनही खडे काढायचे. आमच्या पणज्याच्या पिढीपर्यंत गावात हा धंदाच होता, निजामाच्या काळातही, नंतर इंग्रजांच्याही. खाराला प्रतवारीने नावं होती, डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की. किती छान शब्द आहेत बघा, आणि आज लोणारमध्ये चौकात उभं राहून विचारा खुप्पल म्हणजे काय, कदाचित एखादा म्हाताराच सांगेल. चांगला खडा तो डल्ला, बारीक भुकटी ती भुस्की. बांगड्यांच्या काचेला जायचा, साबणाला जायचा, कपडे रंगवायला रंग पक्का करण्यासाठी जायचा. बाहेरून कारखान्यातला स्वस्त सोडा आल्यावर हे सगळं हळूहळू थांबलं. मला धंदा काही आठवत नाही, मला फक्त आजीचा एक डबा आठवतो. डालड्याचा, झाकणाला गंज चढलेला, आत पांढरी-मळकट भुकटी. ती म्हणायची हा तळ्याचा खार, तिच्या सासूने ठेवलेला. पापड करताना चिमूटभर टाकायची आणि बाकीच्या बायांना द्यायचीसुद्धा नाही, कारण संपला की संपला. बाजारात पापडखार मिळत होता की. पण तिचं म्हणणं बाजारच्या खाराने पापड फुलतो, तळ्याच्या खाराने पापड हसतो. आता ह्यात खरंखोटं काय मला माहीत नाही, पण तळल्यावर ते पापड खरंच वेगळे दिसायचे, कडेने असे वळायचे.

तो डबा घराची वाटणी झाली तेव्हा कुणीतरी फेकला. मला अजून त्याचं वाईट वाटतं.

लहानपणी आम्हाला तळं कसं झालं हे दोन वेळा शिकवलं गेलं. एकदा आजीने आणि एकदा शाळेने. आजीच्या गोष्टीत लवणासुर. तो जमिनीखाली बिळात राहायचा, वर झाकण. देवांना त्रास दिला तेव्हा विष्णू सुंदर मुलाच्या रूपात आला, लवणासुराच्या दोन बहिणी त्याच्यावर भुलल्या आणि त्यांनी भाऊ कुठे लपलाय ते सांगून टाकलं. मग देवाने पायाच्या अंगठ्याने ते झाकण उडवलं, ते कुठेतरी लांब जाऊन पडलं त्याची टेकडी झाली, आणि राक्षसाला तिथेच मारलं. तळ्याचं पाणी म्हणजे त्याचं रक्त, खार म्हणजे त्याचं मांस. हे ऐकताना मला नेहमी त्या बहिणींचं वाईट वाटायचं. आजीला विचारलं त्यांचं पुढे काय झालं, तर म्हणाली, "काय होनार, घर गेलं त्यांचं."

म्हणून विष्णूचं नाव दैत्यसूदन, आणि गावात त्याचं देऊळ. बाहेरून ताऱ्यासारखं कोनाकोनाचं, काळ्या दगडाचं, भिंतींवर तसूभर जागा मोकळी नाही इतकं कोरीव काम. आत छत बघायचं असेल तर अंधार असतो, मग पुजारी किंवा तिथे फिरवणारा माणूस बाहेर उन्हात स्टीलचं ताट धरतो आणि उजेडाचा तुकडा छतावर सोडतो, आणि त्या गोल उजेडात एकेक प्रसंग दिसतो, कृष्ण आणि कंस, नरसिंह आणि हिरण्यकश्यपू. शाळेतून येताना आम्ही पोरं हे ताटाचं काम फुकट करायचो. हात हलला की नरसिंह पळायचा. मे महिन्यात काही दिवस सूर्याची किरणं थेट आत मूर्तीवर येतात, तेव्हा गर्दी. आत्याचं लग्न मे महिन्यातलं, हळदीच्या दिवशी सकाळी तिला दर्शनाला नेलं होतं, आणि किरण मूर्तीवरून सरकत सरकत खाली आलं तेव्हा सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या, हे माझ्या लहानपणच्या अगदी पहिल्या आठवणींपैकी एक आहे.

शाळेची गोष्ट आकाशातून आलेल्या दगडाची. ती मात्र इतकी जुनी नाही, म्हणजे गोष्ट, दगड नव्हे. १८२३ साली अलेक्झांडर नावाचा इंग्रज अधिकारी येऊन गेला, त्याने बाहेरच्या जगाला या जागेबद्दल सांगितलं, आणि त्यानंतर जवळपास दीडशे वर्षं बहुतेक लोक हे ज्वालामुखीचं तोंड आहे असंच धरून चालले होते. साहजिकच आहे, चहूकडे लाव्हाचाच खडक. मग सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेच्या लोकांनी तळाशी ड्रिलिंग केलं. बाबा तेव्हा शाळेत होते. ते सांगायचे, आम्ही सगळी पोरं झाडीत बसून बघायचो, मशीनचा आवाज वाटीत इतका घुमायचा की वाटायचं चार मशिनी चालूत. गावात चर्चा होती की सोनं शोधायला आलेत. खालून जे निघालं ते चुरा झालेला खडक आणि त्यात काच. साधी काच नाही. प्रचंड दाबाचा तडाखा बसल्यावर खडकातला खनिजाचा कण वितळायच्या आधीच आतून काचेसारखा होतो, तशी. असं ज्वालामुखीत होत नाही, तडाख्यातच होतं. १९७३ मध्ये हे छापून आलं आणि लोणार म्हणजे अशनीच्या आघाताने झालेलं विवर हे पक्कं झालं. बेसॉल्टच्या, म्हणजे आपल्या लाव्हाच्या काळ्या खडकात, इतकं नीट टिकलेलं, असं विवर पृथ्वीवर फार म्हणजे फार दुर्मीळ. चंद्रावरचा, मंगळावरचा खडकही याच जातीचा, म्हणून तिकडचा अभ्यास करणारे लोक इकडे येतात.

वय किती, तर त्यावर अजून एकमत नाही. आधी ५२ हजार वर्षं म्हणायचे, मग २०११ मध्ये दुसऱ्या पद्धतीने मोजलं तर ५ लाख ७० हजार आलं. मला हे दोन्ही आकडे सारखेच वाटतात, म्हणजे माझ्या मनात मावत नाहीत. मला मावतं ते एवढंच की खडकाचा चुरा करणाऱ्या त्या तडाख्याने थर फुटले, थर फुटले म्हणून धार निघाली, आणि धार निघाली म्हणून माणसं थांबली, देवळं बांधली, गाव वसलं. आजीची गोष्ट आणि सरांची गोष्ट इथे येऊन माझ्यापुरती एक होते. दोन्हीत झाकण उडतंच की.

सरांनीच एकदा आम्हाला आडव्या मारुतीला नेलं होतं. गावापासून थोडं बाजूला, अंबर तळं म्हणून छोटं तळं आहे, त्याच्याजवळ मोठ्या मारुतीचं देऊळ, त्यातला मारुती झोपलेला. त्या दगडात चुंबकाचा गुण आहे म्हणतात. सरांनी होकायंत्र नेलं होतं, ते आधी बाहेर धरलं, मग मूर्तीजवळ, आणि सुई अशी थरथरत बाजूला गेली. चाळीस पोरांनी एकदम "आँ" केलं. मला वाटतं त्या वर्गातली दोन-तीन पोरं पुढे सायन्सला गेली ती त्या सुईमुळे गेली.

आता उतरायचं. नवरात्रात सगळं गाव उतरायचं, कमळजेला. कमळजा माता खाली, अगदी पाण्याच्या काठाशी, जंगलात. वरून पायवाट, आधी पायऱ्या मग दगड मग नुसती माती, दोन्ही बाजूंनी झाडी, मध्येच एखादं पडकं देऊळ, कळस गेलेला, आत पिंडी, तिच्यावर कुणीतरी ताजं फूल वाहिलेलं. कोण वाहायचं देव जाणे. माकडं पिशव्या ओढायची म्हणून नारळ पदरात. जसजसं खाली जाल तसतशी हवा जड होते, वास येतो, तो वास मला सांगताच येत नाही, शेवाळ आणि साबण आणि कुजलेलं पान. काही लोकांना मळमळतं. मला तो वास आला की मी घरी आले असं वाटतं. बाबांच्या लहानपणी खाली शेती होती, केळी, पपया, मका, भेंडी. धारेच्या वाहत्या पाण्यावर. बाबा म्हणायचे तिथली केळी बाजारात वेगळी विकली जायची.

कमळजेसमोर सासू-सुनेची विहीर. एकाच विहिरीत एका अंगाला गोड पाणी, दुसऱ्या अंगाला खारं. कोणतं सासूचं आणि कोणतं सुनेचं यावरून दर वर्षी बायांची हसत हसत भांडणं. तळ्याचं पाणी वाढलं की ती विहीर आत जाते, दिसत नाही, उतरलं की परत दिसते. त्या वर्षी जूनमध्ये, तळं गुलाबी झालं तेव्हा, ती उघडी पडली होती. म्हणजे पाणी किती खाली गेलं होतं ते कळा.

आणि गुलाबीचं कारणही तेच निघालं. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने लक्ष घातलं, नमुने पुण्याच्या आघारकर संस्थेत आणि नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेत गेले, आणि कळलं की पाणी आटून खारटपणा वाढला की मिठात वाढणारे सूक्ष्मजीव बेसुमार वाढतात, हॅलोआर्किया म्हणतात त्यांना, त्यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. पाऊस आला, पाणी वाढलं, रंग गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातली दुसरी जागा. अभयारण्य तर २००० सालापासूनच आहे. मला हे सगळं व्हायलाच हवं होतं असं मनापासून वाटतं. कारण आमच्याच गावाचं सांडपाणी उताराने तिकडे जात होतं, वेडी बाभूळ वाढत होती, देवळांचे दगड निखळत होते, आणि आम्ही नवरात्रात प्लास्टिकच्या द्रोणात प्रसाद खाऊन तिथेच टाकायचो, मीसुद्धा. ते आठवलं की लाज वाटते.

पण आणखी एक गोष्ट मला बोलायचीच आहे. जाळी आली, गेट आलं, वेळा आल्या, खालची शेती गेली, खार तर कधीच गेला होता. आणि गावातलं नवीन पोर आता तळ्याकडे टुरिस्टसारखं बघतं, काठावरून, मोबाईल उभा धरून. माझ्या भाच्याला १.८ किलोमीटर माहीत आहे, रामसर माहीत आहे, क्विझमध्ये बक्षीस मिळवलंय त्याने. डल्ला माहीत नाही, सोमवती माहीत नाही. रक्षण करणाऱ्यांवर माझा राग नाही, अजिबात नाही. मला एवढंच वाटतं की पक्ष्यांची मोजणी होते, सूक्ष्मजीवांची होते, पाण्याच्या उंचीची नोंद होते, तशी गावातल्या ऐंशी वर्षांच्या बायांकडे बसून कुणीतरी त्यांचीही नोंद करावी. कुठल्या वाटेने जायच्या, कुठल्या दगडावर टेकायच्या, कोणत्या झऱ्याचं पाणी बाळंतिणीला द्यायच्या. त्या वाटांना नावं होती. मला त्यातली दोनच आठवतात, आणि त्यातलं एक नीट आठवत नाही.

गेल्या काही पावसाळ्यांत उलटं झालंय, पाणी वाढत चाललंय. कमळजेच्या देवळापर्यंत आलं. सासू-सुनेची विहीर पार बुडाली. आत्या फोनवर म्हणाली होती, "देवीचे पाय धुतले पान्याने." मागच्या वेळी मी लेकीला घेऊन गेले तेव्हा आम्ही तिघी काठावर उभ्या राहिलो, आत्याचे गुडघे गेलेत, उतरणं शक्यच नव्हतं, तिने वरूनच पदर घेऊन कमळजेच्या दिशेला हात जोडले. लेक बारा वर्षांची, तिला प्रश्न फार. "आजी, हे पाणी पुढे कुठे जातं?"

आत्या म्हणाली, "कुठंच जात नाही. येतं तेवढं इथंच राह्यतं."

मग आम्ही धारेकडे गेलो. आजीचा दहावा इथेच झाला होता, या पायऱ्यांवर, पावसाळ्याचे दिवस होते, धार इतकी मोठी पडत होती की गुरुजींचे मंत्र ऐकू येत नव्हते, आणि बाबा, जे कधी रडले नाहीत, ते त्या आवाजाच्या आडोशाला मोठ्याने रडले आणि आमच्याशिवाय कुणाला कळलं नाही. विष्णुगया हे नाव तेव्हा मला माहीत नव्हतं. पूर्वजांसाठी लोक इथे येतात हे अबुल फझलने लिहून ठेवलंय हेही माहीत नव्हतं. आम्ही आपले आलो होतो, कारण आमच्यात धारेवरच येतात.

लेकीला हे सगळं सांगितलं. सोमवतीचंही सांगितलं, कारणासकट. ती म्हणाली, मग पुढची सोमवती कधी आहे? मी मोबाईलमध्ये बघायला लागले, तोवर आत्याने पिशवीतून घडी केलेलं कालनिर्णय काढलं. ते ती बरोबर घेऊनच आली होती.